गोल्फ खेळताना कॉम्प्रेशन स्लीव्ह: कशी निवडावी, कशी चढवावी, कधी काढावी

गोल्फ खेळल्याच्या दुसऱ्या दिवशी हात भरून येत असतील, तर कॉम्प्रेशन स्लीव्हचा, म्हणजे हातावर घट्ट बसणाऱ्या लवचिक बाहीचा, उपयोग होतो. स्लीव्ह स्नायूंना बाहेरून एकसारखा दाब देते, क्लब चेंडूवर आणि जमिनीवर आदळताना त्यांना बसणारी थरथर थोडी शोषते आणि कोपर उबदार ठेवते. खेळानंतर एक ते तीन दिवस राहणारा ठणका त्यामुळे जरा सौम्य होतो. जराच. स्लीव्ह घातली म्हणून चेंडू लांब जात नाही, स्विंग सुधारत नाही आणि दुखावलेला कोपर बरा होत नाही. असली आश्वासनं देणारी पाकिटं सरळ बाजूला ठेवा.

१. आधी दुखतंय कुठे ते बघा

कोपरापासून मनगटापर्यंतचा सगळा भाग जड झाला असेल, दाबल्यावर सगळीकडे सारखंच दुखत असेल, तर तो श्रमाचा ठणका. तिथे स्लीव्ह कामाची. पण कोपराच्या हाडाजवळ एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, पाण्याने भरलेला पेला उचलताना किंवा दाराची मूठ फिरवताना तीच कळ उठत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. आतल्या बाजूला दुखतं तो गोल्फर्स एल्बो, बाहेरच्या बाजूला दुखतं तो टेनिस एल्बो. नाव टेनिसचं असलं तरी गोल्फ खेळणाऱ्यांनाही तो सर्रास होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला बहुधा उजव्या कोपराच्या आत आणि डाव्या कोपराच्या बाहेर त्रास होतो. अशा वेळी स्लीव्ह चढवून खेळत राहणं म्हणजे दुखणं झाकून वाढवणं. फिजिओथेरपिस्टला दाखवा. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, कडक मॅटवरून बादल्याच्या बादल्या चेंडू मारणं आणि क्लब गळा आवळल्यासारखा धरणं, या दोन सवयी तेवढ्यात तपासून घ्या. बरेचदा मूळ तिथेच असतं.

पायी खेळणाऱ्यांच्या पोटऱ्याही दुखतात. १८ होल चालत खेळायचे म्हणजे साधारण ८ ते १० किलोमीटर होतात. पोटरीच्या स्लीव्ह वेगळ्या मिळतात. हाताची पायात चढवू नका.

रक्तात गुठळी होण्याचा इतिहास, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, मधुमेहामुळे आलेली बधिरता, काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताला येणारी सूज किंवा त्वचेवर जखम, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मगच स्लीव्ह विकत घ्या.

२. दाब

१५ ते २० मिमी पारा (पाकिटावर mmHg). खेळासाठी एवढा पुरतो. २० ते ३० चा दाब सहसा डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायचा असतो, ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं’ म्हणून तो घेऊ नका. पाकिटावर दाबाचा आकडाच नसेल, तर ती बहुतेक वेळा नुसती उन्हासाठीची बाही असते. उन्हासाठी ती छानच, ठणक्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

३. माप

शर्टाच्या मापावरून स्लीव्ह निवडू नका. हात सैल सोडून, मूठ न आवळता तीन ठिकाणी टेप लावा: मनगट, कोपराखालचा सर्वांत जाड भाग आणि दंडाचा मध्य. मग त्या कंपनीचा स्वतःचा तक्ता बघा. एका कंपनीची मध्यम ही दुसरीची मोठी असू शकते. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठी घ्या. याला अनेक जण नाकं मुरडतात, पण घट्ट स्लीव्ह नवव्या होलपर्यंतही अंगावर टिकत नाही.

४. चढवणं

सगळं काम इथे बिघडतं. पाकिटावरच्या सूचनेत या पायरीला एक ओळ असते, ‘स्लीव्ह हातावर ओढून घ्या’. मला या ओढून घेण्यानेच सगळ्यात जास्त छळलं.

वरच्या काठाला धरून ओढलं की दंडाजवळचं कापड ताणलं जातं आणि मनगटाजवळचं ढिलं राहतं. चांगली स्लीव्ह मनगटाशी जास्त आणि वर जाताना कमी दाबावी अशी विणलेली असते. तुम्ही ती नेमकी उलटी करून ठेवता. चार होल होईपर्यंत ताणलेलं कापड आखडतं, खाली सरकतं आणि कोपराच्या खोबणीत गोळा होतं. मग माणूस वरची जास्तीची लांबी दुमडून टाकतो. हे तर मुळीच करू नका. दुमडलेल्या जागी दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि दंडावर दोरी बांधल्यासारखं होतं. शिरांमधून परत जाणारं रक्त अडतं, बोटं सुजतात आणि खेळणारा ग्लोव्हला शिव्या देत बसतो.

म्हणून असं करा. त्वचा कोरडी हवी. सनस्क्रीन लावलं असेल तर ते पूर्ण मुरू द्या, तेलकट थरावर स्लीव्ह टिकत नाही. स्लीव्ह अर्ध्यापर्यंत उलटी करा, मनगटावर बसवा आणि बोटांच्या पेरांनी चिमूट-चिमूट कापड वर सरकवत न्या. नखं लावू नका. खालचा भाग नीट बसल्याशिवाय वरच्याला हात लावू नका.

कोपराशी आलात की हात किंचित वाकवा. सरळ हातावर कापड अगदी गुळगुळीत दिसतं, पण बॅकस्विंगच्या टोकाला (क्लब मागे वर नेल्यावर) मागचा हात, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा, जवळजवळ काटकोनात वाकतो आणि तिथे वळ्या पडतात. पुढचा हात बराच सरळ राहतो, त्यामुळे त्याला हा त्रास कमी. वळीने कातडी सोलवटते ते एक. पण कोपराच्या मागून, आतल्या बाजूने एक नस जाते, जिला धक्का लागला की हातात करंट बसल्यासारखं होतं. कापड तिथे आवळलं तर करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. ‘सवय होईल’ असं कुणी म्हणेल. ऐकू नका. मुंग्या आल्या की स्लीव्ह काढा.

खालचा काठ मनगटाच्या घडीच्या बोटभर वर थांबवा. ग्लोव्हच्या पट्ट्याखाली तो गेला तर मनगट मोकळं वळत नाही, शिवाय वेल्क्रो कापडाचे धागे उपसतो.

आता चेंडूशिवाय पाच-सहा सावकाश स्विंग करा आणि आरशात कोपर बघा. मग नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर माप चुकलंय.

५. खेळताना

वॉर्म-अपच्या आधी घाला आणि मधे मधे चाळा करू नका. दोन-तीन होलनंतर वरचा काठ गुंडाळला गेलाय का, तेवढं पाहा.

स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गोल्फच्या नियम ४.३ नुसार वैद्यकीय कारणासाठी चिकटपट्टी किंवा तसं आवरण वापरता येतं, पण ते गरजेपेक्षा जास्त असू नये आणि सांधा जखडून स्विंगला मदत करणारं नसावं. मऊ कापडी स्लीव्हने सांधा जखडत नाही. आत पट्ट्या किंवा बिजागरी असलेला आधार घालणार असाल, तर पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, जाण्याआधी स्पर्धेच्या समितीला विचारा.

६. खेळानंतर

तास-दोन तास ठेवा, मग काढा. झोपताना घालू नका. काढल्यावर काठाची हलकी खूण दिसणं ठीक, खोल लाल वळ उठणं ठीक नाही.

थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, ड्रायर तर नकोच, कारण उष्णतेने लवचिक धागा मरतो. अधूनमधून स्लीव्ह दोन्ही हातांनी ताणून सोडा. ती पटकन मूळ आकारात येत नसेल, तर दिसायला कितीही नवी असली तरी तिचा दाब गेलेला आहे. दुसरी घ्या.