थायरॉइड आणि उदासी : या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला लॅबमध्ये रक्त काढायला बसते, त्याला आता 18 वर्षं झाली. थायरॉइडच्या बाबतीत त्याच त्या चुका रोज बघते, म्हणून लिहितेय.

पहिली, चहाबरोबर थायरॉइडची गोळी. तासगावकडच्या एक वहिनी यायच्या. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद झाली की रक्तातला टीएसएच हा आकडा वाढतो. तो साधारण 4 च्या आत हवा, त्यांचा कधी 14, कधी 18. गोळीचा डोस 50 वरून 100 मायक्रोग्रॅमवर गेला, फरक शून्य. घरात एकच पालुपद, ‘आळशी झालीय, नुसती पडून असते.’ एकदा रिपोर्ट हातात घेऊन बाकावरच रडायला लागल्या. मी विचारलं, वहिनी, गोळी घेता कशी? म्हणाल्या, ‘सकाळी चहाबरोबर. कॅल्शियमची आणि रक्तवाढीची पण तेव्हाच, विसरायला नको म्हणून.’

कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मी सगळ्यांना सांगते, डबी उशाशी ठेवा. उठल्या उठल्या अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा तासाभराने. कॅल्शियम आणि लोह निदान 4 तासांनी. वहिनींनी एवढंच केलं आणि दोन महिन्यांत टीएसएच इतका उतरला की डॉक्टरांना डोस कमी करावा लागला.

पण उदासी गेली नाही. आणि इथे दुसरी चूक, जिचा मला फार राग येतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘आता कसलं नाटक?’ नाटक नसतं हो. वहिनींची अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी), रक्तात वाढलेली होती. म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतेय. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटो म्हणतात. अशा काही रुग्णांचा मेंदू स्पेक्ट स्कॅनमध्ये (रक्तपुरवठा दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) पाहिला, तेव्हा टीएसएच नॉर्मल असतानाही काही भागांत रक्तपुरवठा कमी दिसला. डिप्रेशनमध्येही कपाळामागच्या भागात असं दिसतं. कशामुळे काय होतं, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. म्हणून ‘मेंदूचा स्कॅन कुठे करू?’ असं विचारत फिरू नका, त्यावरून उपचार ठरत नाहीत. मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे जा. वहिनी गेल्या. थायरॉइडची आणि डिप्रेशनची, दोन्ही औषधं चालू ठेवली. चार महिन्यांनी आल्या त्या केसात अबोली माळून.

थायरॉइड सापडलं म्हणून डिप्रेशनची गोळी परस्पर बंद करू नका. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.

थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की पंधरा दिवसांत परत टेस्टला येऊ नका. ही गोळी शरीरात निम्मी व्हायलाच आठवडा लागतो. 6 ते 8 आठवडे थांबा. घाई करणाऱ्यांना मी सरळ परत पाठवते.

केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर सुई टोचायच्या आधी सांगा, रिपोर्ट चुकतो. दोन दिवस आधी बंद ठेवलेलं बरं.

लिथियम हे मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर थायरॉइड ठरल्या वेळी तपासत राहा. ते औषध ग्रंथीला मंद करतं.

आणि जीव नकोसा वाटायला लागला तर रिपोर्टची वाट बघू नका. 14416 वर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.