मशीन शॉपला पहिल्यांदा शिफ्ट मिळाली की...

डिप्लोमा नाहीतर बीई करून चाकण-भोसरीकडे मशीन शॉपला (धातूचे पार्ट कापून घडवतात तिथे) लागलेल्या पोरांच्या हातात कधीतरी सुपरवायझर म्हणून शिफ्ट येतेच, आणि मग अर्धं आयुष्य लेथवर काढलेल्या काकांना आपण काय डोंबल सांगणार अशी धास्ती बसते. काही जण आवाज चढवतात, काही जण केबिनमधून बाहेरच येत नाहीत. ऑपरेटर लोक दोघांनाही पहिल्या आठवड्यातच ओळखतात.

अल्बर्ट बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की "हे अमुक काम मला जमेल" हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर, दुसऱ्याचं बघून किंवा कोणी धीर दिला तरी येतो पण तेवढा नाही. शॉपवर हे शंभर टक्के पटतं.

ट्रेनी असताना मी सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) मागे लागून इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं पातं बदलणं, ऑफसेट देणं म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा थोडी सरकवून माप सुधारणं, फर्स्ट पीस मायक्रोमीटरने चेक करणं सगळं स्वतः करून घेतलं. पुढे एका नाईटला काका म्हणाले, साहेब ओडी वाढतोय, म्हणजे पीसचा बाहेरचा व्यास. बघितलं तर मापाच्या २० मायक्रॉन वर, फिनिशपण खरखरीत, म्हणजे इन्सर्टची धार गेलेली. ऑफसेट मारून ढकलता आलं असतं पण इन्सर्टच बदलायला लावला आणि आधीचे पीस बाजूला काढून परत मोजले, डिस्पॅचवाले बोंबलले, बोंबलू दे. ते काम हाताखालून गेलेलं होतं म्हणून ठाम राहता आलं. त्यानंतर लाईनवर काही बिघडलं की लोक लपवायच्या ऐवजी स्वतःहून येऊन सांगायला लागले, आणि सुपरवायझरला याच्याहून जास्त काय पाहिजे?

हायड्रॉलिकमधलं मला आजही फार कळत नाही, सरळ मेंटेनन्सला बोलावतो आणि शेजारी उभा राहून बघतो. त्याने मान कमी होत नाही. उलट ज्याला एकही काम धड येत नाही तोच "मला माहीत आहे" करत फिरतो.

पण मशीन जमलं म्हणजे माणसं जमली असं नाही हां, तो भरवसा वेगळा कमवावा लागतो. आधी शिफ्ट बदलतानाचा हॅन्डओव्हर तुम्ही घ्या, मग दोन-तीन मशीनचं रोजचं प्लॅनिंग मागून घ्या, जमतंय दिसलं की पुढे ओव्हरटाईम कोणाला द्यायचा ते. रजांचं वाटप मात्र पहिल्यांदाच गणपतीत अंगावर घेऊ नका.