डिझाइनच्या अभ्यासासाठी संगणक निवडताना
अभ्यासक्रमात कोणती सॉफ्टवेअर वापरावी लागतील हे आधी पाहावे, कारण रेव्हिट (इमारतींच्या आराखड्यांसाठी) किंवा सॉलिडवर्क्स (यंत्रभागांच्या त्रिमितीय आराखड्यांसाठी) केवळ विंडोजसाठीच बनवलेली आहेत. पैसे मोजकेच असतील तर चकचकीत, सडपातळ लॅपटॉपपेक्षा १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेले थोडे जाडजूड यंत्र बरे. मात्र रॅम वाढवण्यासाठी स्लॉट आहे ना, याची खात्री करावी, कारण मदरबोर्डवर कायमची जोडलेली रॅम पुढे बदलता येत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील रेंडरिंगसारख्या (मॉडेलपासून अंतिम चित्र तयार करण्याच्या) कामात होतो. इलस्ट्रेटर या चित्रे व लोगो काढण्याच्या सॉफ्टवेअरवरच भर असेल तर तेच पैसे एसआरजीबी (स्क्रीनसाठी ठरवलेला रंगांचा प्रमाणित संच) रंग जवळजवळ पूर्णपणे दाखवणाऱ्या स्क्रीनवर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. संगणक हलवायचा नसेल, तर तेवढ्याच किमतीत डेस्कटॉप सहसा अधिक वेगवान मिळतो.