वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो तेव्हा

शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, पहिल्या पेपरमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न असतात आणि समावेशक शिक्षण हा त्यातलाच एक भाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे, हे सगळे तुम्हा नव्या शिक्षकांना पाठ असणार असे गृहीत धरूनच मी लिहीत आहे. टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणे, या प्रवासात माणूस इतका थकतो की नियुक्तीपत्र हाती आल्यावर तयारी संपली असे वाटू लागते. वेगवेगळ्या भाषांची, वयांची आणि परिस्थितीची मुले जिथे एकत्र बसतात त्या वर्गासाठीची तयारी मात्र तोवर सुरूही झालेली नसते.

मी पुण्याच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मराठी माध्यम म्हटले की सगळी मुले घरी मराठीच बोलत असतील असे नव्या शिक्षकाला वाटते. खराडी, वाघोली, मांजरी या पट्ट्यात तसे नसते. बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबांतली काही मुले उत्तर कर्नाटकातून आलेली असतात आणि घरी कन्नड बोलतात, वडार वस्तीतल्या मुलांची बोली तेलुगूला जवळची असते, बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात आणि सोसायट्यांवर पहारा देणाऱ्यांची मुले नेपाळी. नांदेड-परभणीकडून आलेल्या मुलाचे मराठी पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून पुष्कळ दूर असते, ते वेगळेच. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेला दहा वर्षांचा मुलगा थेट पाचवीत येऊन बसू शकतो. इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्याच कलमाने त्याला दिला आहे. ते विशेष प्रशिक्षण म्हणजे पुष्कळदा तुम्ही स्वतःच असता, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या वर्गात नव्या शिक्षकाला सर्वाधिक फसवतो तो सगळ्यांचा मिळून आलेला होकार. तुम्ही फळ्यापाशी उभे राहून उदाहरण सोडवून दाखवता, ‘समजले का?’ असे विचारता आणि सगळी मुले एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतात. तुम्ही ‘पुण्यातून वाहणाऱ्या नद्या कोणत्या? मुळा आणि...’ असे म्हणून शेवटचा शब्द मोकळा सोडता आणि सगळा वर्ग ‘मुठाऽऽ’ असे ओरडून तो भरून काढतो. अध्यापक विद्यालयातले सराव पाठ आपल्याला याच आवाजाची सवय लावतात. वर्ग दुसऱ्याचा असतो, वेळ जेमतेम एका तासिकेची असते, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात आणि त्यांच्या तक्त्यात विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाला गुण असतात, तेव्हा मुले एका आवाजात बोलली की पाठ रंगला असा शेरा मिळतो. त्या शेऱ्यावर विसंबून मी पहिले सत्र जवळजवळ पूर्ण काढले. तुमचे सत्र तसे जाऊ नये म्हणून हा आवाज कसा तयार होतो ते सविस्तर सांगते.

नीट कान दिला तर लक्षात येते की उत्तराची सुरुवात पाच-सहा मुलेच करतात. बाकीची पहिले अक्षर ऐकतात आणि दुसऱ्या अक्षरापासून मिसळतात, तेही इतक्या सफाईने की फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला फरक कळत नाही. ज्या मुलाला मराठी येत नाही ते हे कौशल्य सर्वांत लवकर आत्मसात करते, कारण त्याची गरज त्यालाच सर्वाधिक असते. ही लबाडी नव्हे; नव्या गावात, नव्या भाषेत, उघडे न पडता दिवस काढण्याचा तो त्याचा मार्ग असतो. वाचनातही हेच घडते. पहिली-दुसरीच्या पुस्तकातला धडा वर्गात इतक्या वेळा मोठ्याने म्हटला जातो की चित्र पाहून मूल सबंध पान बिनचूक म्हणते. बोटही ओळीखालून फिरत असते, फक्त बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर असते. चित्रावर हात ठेवा आणि पानाच्या मधला एकच शब्द विचारा. आतापर्यंत धडाधड ‘वाचणारे’ मूल तिथे थांबते.

गणितात हा आवाज आणखी दगा देतो. एकापासून शंभरपर्यंतचे अंक आणि पाढे वर्ग तालात म्हणतो, पण एकेकाला ‘एक्केचाळीस’ लिहायला सांगितले की कित्येक वह्यांत १४ दिसतात, कारण कानावर आधी एक पडतो आणि चाळीस नंतर. मराठी मुलांचीही ही अडचण असते. कन्नड किंवा तेलुगू घरातून आलेल्या मुलाची ती दुप्पट असते, कारण त्याच्या घरी दशक आधी आणि एकक नंतर उच्चारतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने एकवीस, बावीस यांचे ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन दिले तेव्हा पुण्यात आणि राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. माझे मत विचाराल तर त्या पद्धतीची थट्टा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वडार वस्तीतल्या मुलाला संख्या लिहायला शिकवले असेल. तुम्ही दोन्ही पद्धती खुशाल वापरा; मूल काही दिवसांनी आपोआप रूढ नावांवर येते.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे आणि त्याला आडवाट नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटे ऐका. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात तशी वाचनचाचणी एका कागदावर मावते: काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट. मजकूर त्यांच्या पुस्तकातला नसावा, ही एकच अट कटाक्षाने पाळा. त्यानंतर दोन अंकी चार संख्या सांगून लिहायला द्या, आणि शेवटी घरी कोण कोण आहे, कोणती भाषा बोलतात, हे सहज विचारा. एका मुलाला पाच-सात मिनिटे लागतात. बाकीचा वर्ग तेवढा वेळ चित्र काढेल, थोडा गोंधळही घालेल. त्याबद्दल कोणी बोलले तर बोलू द्या. कागद-पेन्सिल घेऊन मुलासमोर बसू नका, नाहीतर त्याला परीक्षा वाटते आणि ते अडखळते. नोंद नंतर करा, आणि वहीत गुण लिहिण्याऐवजी मूल नेमके कुठे थांबले ते लिहा. ‘जोडाक्षरापाशी थांबते’, ‘मात्रा ओळखते, वेलांटी गोंधळते’, अशा नोंदीवरून उद्याचा पाठ ठरवता येतो. ‘वाचन कच्चे’ या शेऱ्यावरून काहीच ठरत नाही.

यानंतर लगेच मुलांचे पातळीनुसार गट पाडण्याचा मोह होईल. पाडा, पण दिवसातल्या एका तासापुरतेच, आणि दर महिन्याला पुन्हा ऐकून ते बदला. गटांना फुलांची किंवा पक्ष्यांची नावे दिली म्हणून काही झाकले जात नाही. कोणता गट ‘ढ’ मुलांचा आहे हे मुलांना दोन दिवसांत कळते. जे मूल जूनमध्ये अक्षरगटात होते ते फेब्रुवारीतही तिथेच बसलेले दिसले, तर त्या गटाने त्याला मदत केली नाही, फक्त जागा नेमून दिली. या बाबतीत मी कोणाचेही समर्थन ऐकून घेत नाही.

इतके सांगितल्यावर कोणी सामूहिक म्हणणे वर्गातून हद्दपार करायला निघेल, तर तसेही करू नका. ज्या मुलीला मराठीचा एक शब्द येत नाही ती कविता म्हणताना चाळीस आवाजांच्या आडोशाने उच्चार करून पाहते, चुकली तरी कोणाला कळत नाही, आणि काही आठवड्यांनी तिच्या तोंडून पहिले सलग मराठी वाक्य येते ते बहुधा त्याच कवितेतले असते. म्हणण्यासाठी तो सूर उत्तम आहे. तपासण्यासाठी मात्र तो निरुपयोगी आहे. ‘समजले का?’ हा प्रश्न तर कायमचा सोडा आणि त्याऐवजी ‘शेजारच्याला सांगून दाखव’ असे म्हणा, मग ते त्याने कन्नडमध्ये सांगितले तरी चालेल. मुलांच्या बोलण्यातला ‘न’ आणि ‘ण’ दुरुस्त करण्याची घाई नको. सदाशिव पेठेतल्या उच्चारांची अपेक्षा पहिल्या महिन्यात ठेवली, तर बोलू लागलेले मूल पुन्हा मुके होते. मराठी चांगले येणारा मुलगा दुभाषा म्हणून मिळाला तर त्याची मदत घ्या, पण त्यालाच रोज कामाला लावू नका. तोही शिकायलाच आला आहे.

मार्गदर्शक कोण निवडावा याबद्दल माझी मते थोडी टोकाची आहेत. ज्यांच्या कपाटात पुरस्कारांच्या ट्रॉफ्या आहेत पण जे तुम्हाला स्वतःच्या वर्गात मागे बसू देत नाहीत, त्यांच्याकडून फारसे काही मिळत नाही. वर्षानुवर्षे पहिलीचा वर्ग घेणाऱ्या बाईंना शोधा. परिषदांमध्ये त्या क्वचितच बोलतात, पण मूल अक्षरापाशी का अडते हे त्यांना हाताळून माहीत असते. शाळेतल्या मावशींशीही बोला, कारण कोणत्या मुलाची आई रात्रपाळीला जाते आणि कोणते मूल धाकट्या भावाला सांभाळून शाळेत येते हे त्यांना तुमच्या आधी कळते. व्हॉट्सॲपवर फिरणारी तयार पाठ टाचणे वापरायची असतील तर कार्यालयीन पूर्ततेपुरती वापरा. ती ज्या वर्गासाठी लिहिलेली असतात तो वर्ग कुठेच अस्तित्वात नसतो.

प्रशिक्षणांत वैविध्याचा विषय निघाला की व्याख्याते १८४८ च्या भिडेवाड्यातल्या शाळेपासून सुरुवात करतात आणि सोमवारी वर्गात काय करायचे ते सांगायच्या आत जेवणाची सुट्टी होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे केलेले निवेदन त्याहून अधिक उपयोगाचे आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, मुलांत मिसळणारे आणि त्यांच्या गरजा ओळखणारे असावेत आणि वेळ पडल्यास नांगर हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, अशी मागणी त्यात आहे. आपल्यापैकी अनेकजण शेतकऱ्यांच्या घरातून आलो आहोत, आणि तरीही बीएड-डीएड झाल्यावर मजुरांच्या वस्तीत पाय टाकताना अवघडतो. पालकभेटीसाठी वस्तीत जा, आणि सकाळी अकराला सभा ठेवून ‘पालक येत नाहीत’ अशी नोंद करू नका, कारण त्या वेळी मजूर नाक्यावरचा माणूस कुठल्या तरी साइटवर असतो. संध्याकाळी सातनंतर गेलात तर चहा मिळेल आणि माहितीही मिळेल.

आणखी एक सावधगिरी सांगते. मूल वाचत नाही म्हणून ‘याला अध्ययन अक्षमता आहे’ असे परस्पर ठरवू नका. जे मूल सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या भाषेत जगत होते त्याला मराठी वाचता न येणे ही अक्षमता नाही. याउलट, मराठी घरातले, नियमित येणारे, तोंडी उत्तरे चटकन देणारे मूल वर्षभरानंतरही अक्षरे उलटी लिहीत असेल, तर ‘होईल हळूहळू’ असे म्हणून वाट पाहू नका. केंद्रप्रमुखांमार्फत विशेष शिक्षकांना कळवा आणि तुमच्या नोंदींची वही त्यांच्यापुढे ठेवा. पहिल्या वर्षी या दोन मुलांतला फरक तुम्हाला नेहमी ओळखता येणार नाही. तो अनुभवाने येतो, आणि कोणालाही लवकर आलेला मी पाहिलेला नाही, तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका.

मन लावून शिकवलेले मूल एके दिवशी न सांगता निघून जाते, ही गोष्ट नव्या शिक्षकांना सर्वाधिक जिव्हारी लागते. इमारत पूर्ण झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते, ऊसतोडीचा हंगाम आला की मराठवाड्यातली काही कुटुंबे कारखान्यांकडे वळतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच प्रत्येक घरी विचारून ठेवा आणि जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या शाळेत दाखवायचे नोंदपत्र, भरून घ्या. ते वेळेत मिळाले नाही तर साध्या कागदावर शाळेचे नाव, शाळेचा यूडायस हा सरकारी ओळख क्रमांक आणि मूल काय वाचते, कुठे थांबते या चार ओळी लिहून मुख्याध्यापकांचा शिक्का घ्या. तो कागद आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवायला आईला सांगा, कारण घर हलवताना तेवढी पिशवी हरवत नाही. दाखला मागून यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तेही तिला त्याच वेळी सांगा, आणि ती ते विसरेल असे वाटत असेल तर कागदाच्या मागे लिहून द्या.