दात घासायचे कसे आणि दुकानातनं काय आणायचं

कोल्हापुरात रात्रीचं जेवण म्हणजे तांबडा-पांढरा, मटणाची शीर दाढेत अडकणार हे ठरलेलंच, मग गंगावेशीत कट्ट्यावर साखर घातलेलं दूध प्यायचं आणि घरी येऊन तसंच आडवं व्हायचं. दातांचं वाटोळं इथंच होतं बघा. झोपेत लाळ एकदम कमी सुटते, मग तोंडातल्या जंतूंना उरलेलं गोड मिळतं, ते त्याचं आम्ल करतात आणि ते रात्रभर दातावर बसून राहतं. सकाळचं ब्रश कुणी चुकवत नाही, पण रात्रीचं चुकवायचं नाही हे पहिलं डोक्यात ठेवा.

ब्रश सॉफ्टच घ्यायचा. हार्डनं जास्त स्वच्छ होतं असं लई जणांना वाटतं, पण तसं घासून हिरड्या मागं सरकतात, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि मग गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जाते. ब्रशचं डोकं छोटं बघा, शेवटच्या दाढेमागं पोचलं पाहिजे. तीन महिन्यांनी बदलायचा, आणि महिन्यातच केस फाकले तर समजायचं की आपण जोर जास्त देतोय.

आता घासायचं कसं. ब्रश दात आणि हिरडी जिथं मिळतात तिथं साधारण ४५ अंशात तिरका टेकवायचा, अर्धे केस हिरडीवर अर्धे दातावर, आणि जागच्या जागी हलकं हलकं थरथरवायचं, दोन-तीन दात झाले की हिरडीकडनं दाताच्या टोकाकडं ओढून घ्यायचं आणि पुढं सरकायचं. आडवं खसाखसा नाही. बाहेरनं, आतनं, चावायच्या बाजूनं, सगळं मिळून दोन मिनिटं, घड्याळ लावून बघा एकदा, किती मोठी वाटतात ती. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बहुतेकांची राहते, आणि लाळ तिथंच सुटत असल्यामुळं किटण पण तिथंच जास्त धरतं, तिथं ब्रश उभा धरायचा. जीभ पण घासायची. शेवटी फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही, भरलीच तर अगदी थोडी, कारण पेस्टमधलं फ्लोराईड, म्हणजे दात किडू न देणारं औषध, दातावर राहिलं तरच त्याचा उपयोग.

हिरडीतनं रक्त आलं म्हणून ब्रश बंद करू नका, बहुतेक वेळा तिथं मळ साठलाय म्हणूनच ते येतं. हलक्या हातानं चालू ठेवा, आठ-दहा दिवसांत कमी नाही झालं तर डॉक्टरला दाखवा.

पेस्ट घेताना जाहिरात सोडा, खोक्याच्या मागं वाचा. फ्लोराईड लिहिलेलं पाहिजे, १००० पीपीएमच्या आसपास. ट्यूबच्या शेवटी हिरवी-लाल पट्टी असते ती बघून आयुर्वेदिक की केमिकल ठरवणारे खूप आहेत, ती फक्त कारखान्यातल्या मशीनला ट्यूब कुठं कापायची ते कळायसाठी असते. तीन वर्षांखालच्या पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट बास. कोळशाची पावडर नको, दात झिजतात. सेन्सिटिव्हची पेस्ट दोन-चार दिवसांत गुण देत नाही, दोनेक आठवडे रोज वापरा. आणि शीर अडकली की टाचणी, काडी घालू नका, मेडिकलमध्ये फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक दोरा, मिळतो.

एक गोष्ट मात्र मनापासनं सांगायची आहे. आपल्या गावाकडं अजून किती तरी आज्ज्या, काकू तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करतात, सकाळी बोटावर घेतात आणि अर्धा-अर्धा तास तोंडात धरून बसतात. तंबाखू घातलेली पेस्ट, दंतमंजन करायला आणि विकायला आपल्या देशात १९९२ पासनं बंदी आहे, पण चुलीवरची मिसरी कोण बंद करणार. दात साफ व्हायचं निमित्त, खरी ती तल्लफ असते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तंबाखूचाच. आज्जीवर ओरडून ती सुटत नाही. आधी तिचं तोंड बघा उजेडात, गालाच्या आत, जिभेखाली, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवडे न भरलेली जखम असेल तर लगेच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरकडं घेऊन जा. सोडायला मदत पाहिजे असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिच्याजवळ बसून तुम्हीच लावून द्या.