शंका आल्यापासून निकालापर्यंत: लैंगिक शोषणासाठी विकल्या गेलेल्या मुलांना साथ कशी द्यावी

मुलांच्या खरेदी-विक्रीचा विषय निघाला की मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ किंवा नागपूरची गंगाजमुना आठवते. आता हा व्यवहार लॉज, भाड्याचा फ्लॅट आणि मोबाइलवरची ओळख यांच्या आडूनही चालतो, आणि त्यामुळे त्याची पहिली चाहूल अनेकदा पोलिसांच्या आधी शिक्षकांना, आशा सेविकेला, रिक्षावाल्याला किंवा शेजारणीला लागते. पुढील सूचना अशाच माणसांसाठी आहेत.

अचानक शाळा सोडलेली मुलगी, शहरात काम लावून देतो म्हणून आईबापांच्या हाती उचल ठेवणारा ओळखीचा माणूस, घाईघाईने परराज्यात ठरलेले लग्न, आपले गाव सांगतानाही सोबतच्या माणसाच्या तोंडाकडे पाहणारे मूल, यांपैकी एकट्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. पण दोन-तीन गोष्टी जुळून आल्या तर कळवावे. खातरजमा करण्यासाठी थांबू नये, कारण तपास हे पोलिसांचे काम आहे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार नुसती शंका असली तरी ती कळवणे प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर बंधनकारक आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. उलट, गुन्हा घडल्याचे ठाऊक असून न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

कळवण्यासाठी १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक) वर फोन करावा, अथवा कोणत्याही पोलीस ठाण्यात जावे. हद्द आमची नाही, असे उत्तर मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करून शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द न पाहता) गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. मूल बेपत्ता असेल तर नुसत्या हरवल्याच्या नोंदीवर समाधान मानू नये. अशा प्रकरणी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. ठिकाण, वेळ, वाहनाचा क्रमांक आणि आपण स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावे. चार तरुण गोळा करून स्वतःच कुंटणखान्यावर धडकण्याचा उत्साह मात्र आवरावा: आधी कुणकुण लागली तर दलाल आणि घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) मुलांना तासाभरात दुसरीकडे हलवतात, आणि मग पोलिसांच्या हाती रिकामी खोली लागते.

सुटकेची बातमी होते, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. सुटून आलेले मूल बहुधा रडत नाही. ते चिडते, खोटे नाव आणि खोटे वय सांगते, कधी घरवालीचीच बाजू घेते, कारण तसे बोलण्याची तालीम त्याच्याकडून करून घेतलेली असते. त्याला 'तू गेलीस कशी' असे विचारू नये. खायला द्यावे, झोपू द्यावे आणि पुढे काय होणार आहे ते सोप्या शब्दांत, त्याला कळणाऱ्या भाषेत सांगावे. मूल बंगाली, नेपाळी किंवा तेलुगू बोलणारे असेल तर दुभाषा मागावा. जबाब घेणाऱ्या पोलिसांनी गणवेशात असू नये, तो शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यावा आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, हे पॉक्सोच्या कलम २४ मध्येच लिहिलेले आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयाला पोलिसांचे पत्र मागता येत नाही.

चोवीस तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. येथे वयाचा प्रश्न कळीचा ठरतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. म्हणून मूळ गावच्या शाळेतून दाखला मिळवून आणणे ही कार्यकर्त्याच्या हातून होणारी फार मोलाची मदत ठरते. याच वेळी कोणी 'मावशी' किंवा 'काका' ताबा मागायला येतात. ते खरे नातेवाईक आहेत का आणि मुलाला विकण्यात घरच्यांचाच हात नव्हता ना, याची गृहचौकशी झाल्याशिवाय ताबा देऊ नये, असा लेखी अर्ज समितीकडे करावा. वकिलाबाबतही सावध राहावे: कामाठीपुऱ्यात काम करणाऱ्या प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे की दलाल किंवा घरवालीचा वकील त्याच प्रकरणात सुटका झालेल्या पीडितांची बाजू मांडू शकत नाही. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो.

पॉक्सो नियम, २०२० नुसार समितीकडून सहायक व्यक्ती नेमून घ्यावी. तपास आणि खटला चालू असेपर्यंत ती मुलासोबत राहते, तारखा कळवते आणि न्यायालयाच्या आवारात आरोपीशी गाठ पडणार नाही हे पाहते. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची रक्कम आणि अंतरिम भरपाई यांची तरतूद याच नियमांत आहे, आणि भरपाईसाठी आरोपी सापडलाच पाहिजे अशी अट नाही. महाराष्ट्रात मनोधैर्य या अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या योजनेचीही चौकशी करावी.

मुलाचे नाव, शाळा, गाव, चेहरा यांतले काहीही उघड करणे हा गुन्हा आहे. चेहरा धूसर केला तरी गणवेश आणि अंगणातला हौद गावाला पुरेसा असतो, म्हणून व्हॉट्सॲपवर छायाचित्र टाकूच नये. देणगी मिळवण्यासाठी तर नाहीच.

जनजागृती करायची तर ३० जुलैच्या, म्हणजे जागतिक मानवी तस्करीविरोधी दिनाच्या, फेरीपेक्षा ग्राम बाल संरक्षण समितीचे इतिवृत्त मागणे अधिक उपयोगी, असे माझे मत आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली, गावातून कामासाठी बाहेर गेलेल्या मुलांची नोंद कोण ठेवतो, हे ग्रामसभेत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

बालगृहातले मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला बाहेर पडावे लागते, आणि दलाल नेमका तेव्हाच परत गाठतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ खालील पश्चात मदत (बालगृह सोडल्यानंतरचा आधार) साधारणपणे २१ व्या वर्षापर्यंत मिळू शकते. तिचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अठरावा वाढदिवस येण्यापूर्वीच, काही महिने हाताशी ठेवून करावा.