चोर बाजारात जुनं इंडस्ट्रियल फर्निचर बघायला जाताय?

मटण स्ट्रीटला शक्यतो शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी अँटिकवाले बंद असतात नि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, निवांत काही बघता येत नाही. सोबत टेप, टॉर्च आणि छोटं लोहचुंबक घ्या. पितळी म्हणून दाखवलेल्या हँडलला चुंबक चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा.

स्टूल किंवा वर्कबेंच आवडलं की सरळ उलटं करून बघा, लाजायचं नाही! खरी झीज हातपाय लागतात तिथेच असते, म्हणजे पाय टेकवायची दांडी मधोमध गुळगुळीत आणि कडेला खरखरीत, सगळीकडे एकसारखा गंज दिसला तर मला तरी तो मुद्दाम चढवलेलाच वाटतो. स्क्रूसुद्धा बघा, अधिकच्या खुणेसारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा १९१० चं टेबल सांगितलं नि सगळे स्क्रू तसलेच, तर निदान ते तरी नंतर बसवलेत. लाकडाला बारीक भोकं आणि खाली ताजा भुसा? म्हणजे आत कीड अजून जिवंत असणार, सोडून द्या.

गिरणीतला माल म्हणाले तर कुठली गिरणी ते विचाराच. भाव ठरवतानाच टेम्पो नि हमाली कोणाकडे ते बोलून घ्या, आणि आपल्या लिफ्टचं माप आधी घेऊन ठेवा, लोखंडी बेंच जिन्यावरून चढवायला माणसं जास्त लागतात.